कॅरॅव्हॅनमधला स्टिरिओ आणि टीव्ही: दोष अर्थिंगचा होता

जुनी कॅरॅव्हॅन, ऐरोलीत खाडीजवळ दोन पावसाळे उभी. आवाज वाढवला की स्टिरिओ बंद, टीव्ही मधेच रीस्टार्ट. अशा वेळी सेट बदलायची घाई करू नका, आधी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी, बघा. आवाज वाढवत नेत मल्टीमीटरचं एक टोक स्टिरिओच्या काळ्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं: १.४ व्होल्ट! ०.२ च्या वर गेलं की सांध्यात गंज धरा. सीटखालचा अर्थिंगचा बोल्ट खोलला, तर रिंग टर्मिनल (वायरीच्या टोकाची कडी) हिरवं पडलेलं आणि खाली पत्र्यावर रंग तसाच. पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, नवं टर्मिनल वायरीवर दाबून क्रिंप केलं, स्टार वॉशर घालून आवळलं, वरून व्हॅसलीन. खाऱ्या हवेत ते हवंच.

स्टिरिओची पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर. पिवळी तुटली की सेटिंग रोज पुसलं जातं.

मागचा स्पीकर गप्प होता. वायरी सोडवून पेन्सिल सेल थेट स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. ‘टक्’ झालं नाही, म्हणजे कॉइल गेलेली. नवा ४ ओहमचाच बसवला.

टीव्ही १२ व्होल्टचा असला तरी थेट जोडू नका. चार्जिंगला बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते. मध्ये ५ अँपिअरचा, १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर टाकला.