२४० वॅटच्या स्लिम डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर कसा बदलावा

ऑफिसांतून बाहेर पडलेले डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. २०१२ सालचं मॉडेल, अंगाने बारीक पण बांध्याने मजबूत. माझ्या भाचीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या अशाच एका मशीनमध्ये इंटेलचा आय३-३२२० प्रोसेसर होता. ऑनलाइन तास आणि दहा टॅब एकत्र उघडले की ते धापा टाकायचं. प्रोसेसर बदलू म्हटलं तर पहिला सल्ला मिळाला, "एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) फक्त २४० वॅटचा आहे, जळेल." ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. या पेट्यांमध्ये विजेच्या आधी उष्णता आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) आडवे येतात.

आधी दुखणं ओळखा. काम अडतं त्याच वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर पैसे एसएसडीवर घाला. प्रोसेसर शंभरला टेकत असेल तरच पुढे वाचा. आणखी एक गोष्ट खरेदीआधीच लक्षात घ्या. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचा एकही प्रोसेसर नाही. चिप बदलून ती अडचण सुटणार नाही. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र या मशीनमधून अजून बरीच वर्षं काम घेता येईल.

मदरबोर्ड काय स्वीकारतो ते पाहा. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो तो खाचा, जुळला म्हणजे काम झालं, असं नाही. ७०१०मध्ये एलजीए ११५५ सॉकेट आहे आणि त्यात इंटेलची दुसरी-तिसरी पिढी चालते. त्याच्या आधीच्या ७९०चा सॉकेटही हाच, पण त्यात तिसरी पिढी चालत नाही. पुढच्या एलजीए ११५१ सॉकेटमध्येही हाच घोळ आहे: सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठवी पिढी बसते, पण चालत नाही. म्हणून आपल्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी कंपनीच्या साइटवर बघाच.

बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा, आणि यूपीएस लावून करा. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

आता विजेचा हिशेब. आय३-३२२० ५५ वॅटचा आहे, आय७-३७७० ७७ वॅटचा. फरक २२ वॅटचा! ढोबळ बेरीज मांडू: प्रोसेसर ७७, बोर्ड आणि रॅम ३०, हार्ड डिस्क १०, एसएसडी ५, पंखे आणि यूएसबी १०. झाले १३२. टर्बोवर, म्हणजे जादा वेगावर, प्रोसेसर थोडा वेळ छापील आकड्याच्या वर जातो, ते धरूनही दीडशेच्या आसपास. तरी एसएमपीएसवरचं लेबल वाचा, कारण प्रोसेसरची वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून येते. तिथे समजा १६ अँपिअर छापले असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. पुरेसे आहेत. ग्राफिक्स कार्ड आलं की मात्र गणित बदलतं. ३० वॅटचं जीटी १०३० सहज सामावतं, पण ७५ वॅटचं कार्ड आणि आय७ एकत्र बसवून दहा-बारा वर्षं जुन्या एसएमपीएसला मी ताणणार नाही.

चिप निवडताना माझं मत एस अक्षराच्या बाजूने आहे. आय७-३७७०एस ६५ वॅटचा आहे. त्याचा मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्झ, साध्या ३७७०चा ३.४, पण टर्बोत दोघेही ३.९पर्यंत जातात. रोजच्या कामात फरक जाणवणार नाही, बारक्या हीटसिंकला (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) मात्र जाणवेल. बजेट कमी असेल तर आय५-३४७०एस घ्या. टी अक्षराला भुलू नका: आय५-३४७०टी ३५ वॅटचा खरा, पण त्यात कोअर दोनच, म्हणजे आय३इतकेच. पी अक्षराच्या चिपमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात किंवा कुठेही जुनी चिप घेताना दुकानातच चालवून बघा आणि तपासणीसाठी चार दिवसांची मुदत मागून घ्या.

प्रत्यक्ष बदल. मशीन दहा मिनिटं चालवा, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज उतरवा. सतरंजीवर नको, लाकडी टेबलावर काम करा आणि अधूनमधून पेटीच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. हीटसिंक सरळ वर ओढू नका, किंचित डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

सॉकेटची दांडी उघडली की केसासारख्या बारीक पिना दिसतील. सगळ्या कामातली सर्वांत नाजूक जागा हीच. चिप कडेने धरा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण आणि कडेच्या दोन खाचा जुळवा आणि अलगद ठेवा. ढकलू नका, घासू नका. बरोबर असेल तर ती आपोआप बसते. दांडी दाबताना जोर लागतो, बारीक करकर ऐकू येते; घाबरू नका.

हीटसिंकवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट चिपच्या मधोमध मटाराच्या छोट्या दाण्याएवढी, बस्स. स्क्रू पुन्हा समोरासमोर आवळा आणि पंख्याची वायर जोडा. हीटसिंकच्या पात्यांत साचलेली धूळ याच वेळी ब्रशने काढली तर तापमानात लगेच फरक दिसतो.

तपासणी. एफ२ दाबून बायोसमध्ये नवं नाव दिसतंय का पाहा. दिवा नारिंगी लुकलुकत असेल आणि स्क्रीन येत नसेल, तर रॅम काढून पुन्हा बसवा, आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सुरू झालं की तापमान दाखवणारा कोअर टेम्प हा प्रोग्रॅम उघडून अर्धा तास पूर्ण भार द्या. ८०-८५ अंशांच्या आत राहिलं तर ठीक. वेग आपोआप उतरत असेल तर दोष हीटसिंकच्या पकडीत किंवा पेस्टमध्ये. भारात मशीन एकदम बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्या. साधा एटीएक्स एसएमपीएस या पेटीत बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो.

जुना आय३ नव्या चिपच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून त्यावर तारीख लिहा. पुढे कधी मशीन अडलं, तर दोष चिपचा की बोर्डाचा, हे तोच सांगेल.