फ्रँकनमुथला जाताय? निदान या चुका टाळा

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांचं ठरलेलंच असतं, इंडियातून आईबाबा आले की एका शनिवारी मिशिगनमधलं फ्रँकनमुथ गाव. दीडेक तासाचा ड्राइव्ह, बव्हेरियन, म्हणजे जर्मन धाटणीची घरं, चिकन डिनर, ख्रिसमसचं मोठं दुकान, झालं. मी इतक्या पाहुण्यांना घेऊन गेलेय की आता मोजत नाही, आणि दर वेळी पार्किंगमध्ये तेच दमलेले, एकमेकांवर वैतागलेले चेहरे दिसतात. गाव छान आहे हो, आपला क्रम चुकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी ब्रॉनर्स, तेच ख्रिसमसचं दुकान. आय-75 वरून बर्च रनच्या 136 नंबरच्या एक्झिटला उतरलं की गावात शिरायच्या आधी ब्रॉनर्सच लागतं, आणि गाडीतलं कोणीतरी म्हणतंच, "वाटेवरच आहे तर अर्धा तास बघून घेऊ." तिथे अर्ध्या तासात काहीही होत नाही. जगातलं सगळ्यात मोठं ख्रिसमसचं दुकान म्हणतात ते, वर्षातले 361 दिवस उघडं, आणि आत माणूस दिशा विसरतो.

आम्ही हेच केलं होतं. डिसेंबरचा शनिवार, सासूसासरे सांगलीहून आलेले, मी म्हणाले जेवण चार वाजता करू, तोवर गर्दी ओसरेल. दोनला आत गेलो ते पावणेपाचला बाहेर आलो, मुलं एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला, सासूबाई मिळेल त्या बाकावर. मग मेन स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये गेलो तर दीड तास वेटिंग. सासऱ्यांना डायबिटीस आहे, सकाळी दहाला पोहे खाल्लेले, त्यानंतर काही नाही. लाइनमध्ये उभ्या उभ्या त्यांचे हात थरथरायला लागले आणि कपाळाला घाम, बाहेर बर्फ पडत असताना घाम. पर्समध्ये नुकताच घेतलेला फज होता, त्याचा कागद दातांनी फाडून मी त्यांच्या तोंडात तुकडा घातला. दहा मिनिटांनी ते नीट बोलायला लागले, पण ती दहा मिनिटं मला आजही आठवतात. चूक पूर्णपणे माझी होती, जेवणाची वेळ मी पुढे ढकलली होती.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. थेट मेन स्ट्रीट, साडेअकरापर्यंत टेबलावर. मग पायी फिरणं, आणि ब्रॉनर्स शेवटी, अंधार पडताना. डिसेंबरात पाचच्या सुमारास काळोख होतो आणि ब्रॉनर्सच्या अर्ध्या मैलाच्या ख्रिसमस लेनवर दिवे लागलेले असतात, दुपारी जाणाऱ्यांना ते दिसतच नाहीत. फक्त दुकान त्या दिवशी बंद कधी होतं ते आधी बघून घ्या.

जेवणाचंही सांगते. झेन्डर्स आणि बव्हेरियन इन ही दोन रेस्टॉरंट्स रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत, दोन्हीकडे फॅमिली स्टाइल चिकन डिनर मिळतं, म्हणजे वाडगे टेबलावर येतात आणि सगळ्यांनी वाढून घ्यायचं, आपल्या पंगतीसारखं. घरात कोणी शाकाहारी असेल तर "साइड डिश खातील" म्हणून बसू नका. नूडल सूप, स्टफिंग, ग्रेव्ही या सगळ्यात चिकन किंवा चिकनचं पाणी असू शकतं. बसल्या बसल्या सर्व्हरला विचारा, सूप येऊन अर्धं पिऊन झाल्यावर नको.

बर्च रनचं आउटलेट मॉल त्याच दिवशी नको. किमतीत 6 टक्के सेल्स टॅक्स धरा. बर्फात कॅनव्हासचे बूट नकोत.

आणि "सगळं टुरिस्टांसाठी उभं केलेलं आहे" असं म्हणून दोन तासांत निघणारे, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं. बव्हेरियन सजावट नंतरची आहे हे खरं, बव्हेरियन इनला ते रूप 1959 मध्ये आलं. पण गाव 1845 मध्ये बव्हेरियातून आलेल्या पंधरा लुथरन पंथाच्या ख्रिश्चन लोकांनी वसवलं, सेंट लॉरेन्झ चर्चच्या आवारात लाकडी ओंडक्यांची केबिन आहे ती बघा, मग मेन स्ट्रीट वेगळा दिसतो. होल्झ ब्रुकवरून गाडीने जाऊ नका, चालत जा. 239 फुटी लाकडी पूल, वर छप्पर, खाली कॅस नदी, बाजूने चालायला वेगळी वाट. बव्हेरियन इनच्या टॉवरवर घंटा वाजून बाहुल्यांची बासरीवाला आणि उंदरांची गोष्ट चालू झाली की शेवटपर्यंत थांबा, लोक फोटो काढून मध्येच जातात.

ब्रॉनर्समध्ये ऑर्नमेंटवर, म्हणजे ख्रिसमस ट्रीला टांगायच्या गोळ्यावर, हाताने नाव लिहून मिळतं, ते तोंडी सांगू नका. आपल्या नावात ज्ञ, क्ष किंवा ळ असला की स्पेलिंग काहीही होऊ शकतं. माझ्या भाचीच्या नावात एक अक्षर कमी आलं, कारण मी घाईत नीट सांगितलंच नाही. आता घरूनच कागदावर कॅपिटल लेटर्समध्ये लिहून नेते.

इंडियाला न्यायचे काचेचे गोळे त्यांच्या खोक्यात तसेच सूटकेसमध्ये टाकू नका. माझ्याकडे पोळ्यांचा जुना स्टीलचा डबा आहे, एका लोकरी मोज्यात एक गोळा, असे सहा मावतात, मग झाकणावर दोरी. हा डबा तीनदा पुण्याला जाऊन आलाय, अजून एकही गोळा फुटलेला नाही.