प्रेक्षकाला स्टेजवर बोलावताय? या चुका टाळा

गणपतीतला माझा जादूचा प्रयोग. सोसायटीचं पार्किंग, समोर दीडशे खुर्च्या. मी विचारलं, "कोण येणार वर?" आणि पहिल्या रांगेतला एक पोरगा हात वर करत थेट स्टेजवरच चढला. नाण्याचा खेळ सुरू केला. मूठ उघडायच्या आत माइकमध्ये आवाज घुमला, "काका, दुसऱ्या हातात आहे!" आणि होतंही तिथेच.

पोराची काही चूक नव्हती. माझ्या तीन चुका होत्या.

पहिली म्हणजे तो प्रश्न. "कोण येणार?" म्हटलं की जादूगाराला उघडं पाडायचंच म्हणून टपून बसलेला आधी उठतो. माणूस आधीच हेरून ठेवा. पहिले दोन-तीन खेळ एकट्याने करा आणि बघा, कोण मनापासून हसतंय, कोण शेजाऱ्याला कोपराने ढोसतंय. त्यातला कडेच्या खुर्चीवरचा निवडा, म्हणजे अख्खी रांग उठवावी लागत नाही. जवळ जाऊन विचारा, "ताई, येता का जरा?" मान हलवून नाही म्हणाल्या तर लगेच दुसरीकडे वळा. मित्रांनी ढकलून पाठवलेला माणूस शक्यतो नकोच. तो वर येतो तो मित्रांना हसवायला.

दुसरी चूक जागेची. पोरगा माझ्या मागे डाव्या अंगाला उभा होता, म्हणजे प्रेक्षकांपासून लपवलेलं सगळं त्याला समोर दिसत होतं. आता मी आधीच जमिनीवर रंगीत टेप चिकटवतो आणि पाहुण्याला सांगतो, "इथे उभे राहा, म्हणजे सगळ्यांना दिसाल." तिसरी चूक, माइक त्याच्या हातात दिला होता. माइक आपल्याच हातात ठेवायचा आणि प्रश्न विचारला की त्याच्या तोंडापुढे धरायचा.

पत्त्यांच्या खेळात वेगळीच गंमत होते. शेवटी ऐटीत बदाम राणी काढून "हीच ना?" म्हणावं, तर मावशी म्हणतात, "नाही हो... किलवरचं काहीतरी होतं." खोटं बोलत नसतात त्या. समोर एवढी माणसं, डोळ्यांवर दिवे, विसरतात बिचाऱ्या. म्हणून तुम्ही पाठ फिरवा आणि पत्ता आधी सगळ्या प्रेक्षकांना दाखवायला लावा, किंवा त्यावर मार्करने सही घ्या. तरीही शेवटी गडबड झालीच, तर पत्ता उंच धरून प्रेक्षकांना विचारा. सगळे ओरडतात, मावशींनाही आठवतं. सूचनाही एका वेळी एकच द्या. "पत्ता बघा, दाखवा, कॅटमध्ये ठेवा आणि पिसा" असं एका दमात सांगितलंत, तर माणूस आधी पिसून मोकळा होतो.

पायऱ्या आणि वायरी प्रयोगाआधी स्वतः चालून बघा. अंधारातून एकदम उजेडात आलेल्याला पायरी दिसत नाही, उतरताना तर अजिबात नाही. अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफिल्डच्या एका खेळात तेरा प्रेक्षक स्टेजवरून गायब होऊन प्रेक्षागृहात मागे प्रकटायचे. २०१३ मध्ये लास व्हेगासला त्यासाठीच्या छुप्या वाटेने घाईघाईने जाताना एक ब्रिटिश पर्यटक पडला. प्रकरण कोर्टात गेलं. २०१८ मध्ये ज्यूरीने भरपाई नाकारली, पण सुनावणीत खेळाचं गुपित जगजाहीर झालं ते झालंच.

टक्कल, पोट, आडनाव, नवरा-बायको यांवरचे विनोद बंद. पाहुणा खजील झाला की टाळ्या सुकतात, कारण खाली बसलेला प्रत्येक जण त्याच्याच बाजूचा असतो. हात धरायचा असेल तर आधी विचारा.

"तो तुमचाच माणूस होता!" हे ऐकावं लागतंच. त्यावर उपाय म्हणजे पाठमोरं होऊन स्पंजचा चेंडू प्रेक्षकांत फेकायचा, ज्याने झेलला तो वर. मात्र कोणीही आलं तरी चालेल अशाच खेळाला हे करा. पत्ता लक्षात ठेवायच्या खेळाला नको.

पाचशेची नोट मागून घेतलीत तर तिच्यावर लिहू नका. नंबरातले शेवटचे तीन आकडे मालकाला मोठ्याने वाचायला लावले की ओळख पटवायला तेवढं पुरतं. आणि खेळ संपला की नोट तिथल्या तिथे परत करा. हसू नका. मी एकदा खिशात तशीच ठेवून सामान भरायला घेतलं होतं, मालक मांडवामागे टेम्पोपर्यंत शोधत आला.