६ आणि ८ मिळून १० कसे? एसी-डीसी सर्किट सोडवताना या चुका टाळा

प्रयोगशाळेत हमखास दिसणारं दृश्य. रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये जोडलेत, एसी सोर्स १० व्होल्टचा. मीटर रेझिस्टरवर ६ दाखवतो, कपॅसिटरवर ८. बेरीज १४! मग मीटर बदलून होतो, प्रोब हलवून होतात, शेवटी कुणीतरी म्हणतं, "सोर्सच गंडलाय."

काहीच गंडलेलं नसतं. रेझिस्टरवरचं व्होल्टेज करंटच्या जोडीने चालतं, कपॅसिटरवरचं ९० अंश मागून येतं. दोघं एकाच क्षणी शिखरावर पोचत नाहीत, म्हणून बेरीज काटकोन त्रिकोणातली करायची: ३६ अधिक ६४, त्याचं वर्गमूळ १०. किर्चॉफचा नियम (बंद वाटेवरच्या सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य) जागच्या जागी आहे. तो क्षणाक्षणाच्या व्होल्टेजला लागू होतो, फेजरलाही (आकडा आणि फेजचा कोन दोन्ही दाखवणारा बाण) होतो. मीटरवरच्या नुसत्या आकड्यांना होत नाही. वहीत हीच चूक ३० ओहम रेझिस्टन्स आणि ४० ओहम रिॲक्टन्स (कपॅसिटर किंवा कॉइलचा एसीला होणारा विरोध) मिळून ७० अशी उतरते. इम्पीडन्स, म्हणजे दोन्हींचा मिळून विरोध, ५० आहे.

याच्या उलटही फसगत होते. रेझिस्टर १० ओहम, कॉइल आणि कपॅसिटर दोघांचा रिॲक्टन्स १०० ओहम, सोर्स १० व्होल्ट. करंट येतो १ अँपिअर आणि कपॅसिटरवर १०० व्होल्ट. सोर्सच्या दहापट उत्तर आलं म्हणून ते खोडणारे बरेच पाहिलेत. रेझोनन्सला, म्हणजे दोन्ही रिॲक्टन्स सारखे झाले की, हेच व्हायला हवं. कॉइलवर तेवढंच व्होल्टेज उलट्या फेजने उभं असतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कपॅसिटर निवडताना मात्र हे १०० व्होल्ट विसरलात तर तो जाईल.

बाण फिरवू नका

करंटची दिशा सुरुवातीला आपणच धरतो, ती चुकली तरी बिघडत नाही. उत्तर उणे २ अँपिअर आलं की अर्धी मंडळी आकृतीतला बाण फिरवतात आणि समीकरणं जुनीच ठेवतात. घोळ तिथे होतो. बाण तसाच राहू द्या. उणे म्हणजे करंट बाणाच्या उलट वाहतोय, इतकंच. शेवटी पॉवरचा ताळा घ्या: सोर्सनी दिलेली आणि बाकीच्यांनी घेतलेली पॉवर सारखी आली नाही, तर चिन्ह कुठेतरी सुटलंय.

सुपरपोझिशनमध्ये (एकेक सोर्स चालू ठेवून उत्तरं काढायची आणि मग मिळवायची) व्होल्टेज सोर्स बंद करणं म्हणजे त्याच्या जागी तार टाकणं, करंट सोर्स बंद करणं म्हणजे ती जागा उघडी सोडणं. डिपेंडंट सोर्सला, म्हणजे ज्याची किंमत सर्किटमधल्या दुसऱ्या व्होल्टेज किंवा करंटवर ठरते त्याला, हात लावायचा नाही. आणि पॉवर अशी बेरजेने काढायची नाही. १० ओहममधून एका डीसी सोर्समुळे २ आणि दुसऱ्यामुळे त्याच दिशेने १ अँपिअर जात असेल, तर ४० अधिक १० म्हणजे ५० वॅट नव्हे. ३ अँपिअरचे ९० वॅट होतात.

"डीसीला कपॅसिटर म्हणजे उघडं सर्किट" हे पाठ केलेलं वाक्य अर्धंच आहे. स्विच दाबल्याच्या क्षणी रिकामा कपॅसिटर तारेसारखा वागतो. उघडं सर्किट तो साधारण ५ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स इतका वेळ) उलटल्यावर होतो. कॉइलचं बरोबर याच्या उलट.

कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही, पण

३१४ टी अधिक ३० अंश, असा कोन घ्या (टी म्हणजे सेकंदातली वेळ). वेळ ५ मिलिसेकंद घातली की पहिला भाग १.५७ येतो. तो रेडियनमध्ये आहे! त्यात ३० मिळवून ३१.५७ लिहिणारा विद्यार्थी दर वर्गात एक तरी निघतो. आधी १.५७ चे ९० अंश करा, मग ३० मिळवा: १२० अंश.

दुसरा सापळा उणे ३ अधिक जे ४ या संमिश्र संख्येचा कोन काढण्याचा (जे म्हणजे उणे १ चं वर्गमूळ). टॅन इन्व्हर्स दाबलं की उणे ५३.१३ अंश मिळतात. बिंदू दुसऱ्या चरणात आहे, म्हणून खरा कोन १२६.८७. एक कच्चा आलेख काढलात तर हे नजरेनेच कळतं.

मीटर हाती घेतल्यावर

ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ व्होल्ट आरएमएस (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकी किंमत) असतात, शिखर जवळपास १७ चं. ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणारे चार डायोड) दीडेक व्होल्ट पडले तरी लोड नसताना ट्रान्सफॉर्मर १२ पेक्षा जास्तच देतो. त्यामुळे पुढे १६ व्होल्टचा फिल्टर कपॅसिटर नको, २५ चा घ्या.

करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब अँपिअरच्या भोकातच राहतो, आणि तसाच व्होल्टेज मोजायला लावला की मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. सुटलात तर फ्यूजवर भागतं. प्रोब लगेच जागेवर आणायची सवय लावा.

आणि सर्वांत फसवी चूक: १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट हवेत, चांगला डिजिटल मीटर दाखवतो ४.७६. रेझिस्टर बदलण्याआधी मीटरचे स्वतःचे १० मेगाओहम खालच्या रेझिस्टरला पॅरलल धरून गणित पुन्हा करा. ४.७६ च येतात.