भूलतज्ज्ञांना खाटेशेजारी हृदयाची सोनोग्राफी शिकवताना

सांगली-मिरजेत खुब्याचं हाड मोडलेले आजी-आजोबा ऑपरेशनला येतात. स्पायनल (पाठीच्या कण्यातून दिली जाणारी, कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) देण्याआधी महाधमनीची झडप आकसलेली नाही ना, हे बघायला हात बसलेला हवा.

सुरुवात निरोगी सहकाऱ्यावर. डाव्या कुशीवर झोपवा, सेक्टर प्रोब (अंगावर टेकवायचा, पंख्याच्या आकाराचं चित्र देणारा सोनोग्राफीचा दांडा) घ्या, मशीन कार्डियाक सेटिंगवर ठेवा. पोटाचं सेटिंग राहिलं तर डावं-उजवं उलटतं आणि नवखा भलताच कप्पा वाचतो. डेप्थ, म्हणजे चित्रात किती खोलवर दिसावं ते, १६ सेंमी. छातीच्या हाडालगत, डावीकडच्या बरगड्यांमधल्या तिसऱ्या-चौथ्या फटीत प्रोब टेकवा, प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे: उभा छेद मिळतो. तिथेच घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवला की आडवा. फिरवताना प्रोब हमखास सरकतो. करंगळी छातीवर टेकवायला लावा.

मग हृदयाच्या टोकाकडून चार कप्पे, शेवटी बरगड्यांखालून. तिथली महाशीर (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) २.१ सेंमीहून रुंद आणि नाकाने झटक्यात श्वास ओढल्यावर निम्मीही मिटत नसेल, तर हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढलेला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला मात्र हा नियम लावू नका.

झडप जाड, जेमतेम हलणारी दिसली तर स्पायनल थांबवा आणि पूर्ण टू-डी इको मागवा. नजरेने तीव्रता ठरवायचा मोह नको.