मेल सर्व्हरवरील व्हायरस व स्पॅमची गाळणी अद्ययावत कशी ठेवावी

१ जानेवारी २०१० रोजी स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम वापरणारे अनेक मेल सर्व्हर साध्यासुध्या पत्रांनाही संशयाने पाहू लागले. पत्रावरील तारखेत २०१० किंवा त्यापुढचे वर्ष दिसले की ती तारीख दूरच्या भविष्यातली समजावी, असा एक जुना नियम त्यात होता आणि ते भविष्य त्या दिवशी उजाडले होते. लागू पडणारा प्रत्येक नियम पत्राला गुण देतो आणि एकूण पाच गुण झाले की पत्र स्पॅम ठरते. त्यांपैकी तीनहून अधिक गुण बहुतेक ठिकाणी हा एकच नियम देत असे. दुरुस्ती त्याच दिवशी आली, पण ज्यांचे नियम रोज आपोआप उतरत होते त्यांनाच ती वेळेवर मिळाली.

पुढील पायऱ्या डेबियन या लिनक्स प्रणालीवर पोस्टफिक्स (मेल सर्व्हर), क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा), स्पॅमअसॅसिन आणि पत्रे या दोन्ही गाळण्यांकडे नेणारे अमाविस अशी मांडणी गृहीत धरून दिल्या आहेत.

प्रथम सद्यःस्थिती पाहावी. क्लॅमएव्हीच्या क्लॅमडीस्कॅन या आज्ञेला आवृत्ती विचारली की एकाच ओळीत इंजिनचा (म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा) क्रमांक, सिग्नेचर (व्हायरस ओळखण्याच्या खुणा) संचाचा क्रमांक आणि त्या संचाची तारीख मिळते. तारीख दोन-तीन दिवसांहून जुनी असेल, तर हे संच उतरवणाऱ्या फ्रेशक्लॅमची सेवा चालू आहे का ते तपासावे आणि तिचा लॉग (नोंदवही) वाचावा.

फ्रेशक्लॅम आधी डीएनएस या इंटरनेटच्या नावनोंदणी यंत्रणेतील एका छोट्या नोंदीवरून नवा संच आला आहे का ते पाहतो आणि शक्य असेल तेव्हा केवळ फरक उतरवतो. त्यामुळे तासाला एकदा तपासणी पुरेशी आहे. अधीरतेने दर पाच मिनिटांनी पूर्ण संच मागणाऱ्याला ४२९ (फार वेळा मागणी केली) हा नकार मिळतो. मेमरीकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे, कारण नवा संच चढवला जात असताना जुनाही मेमरीत राहतो आणि दोन जीबीच्या सर्व्हरवर नेमक्या त्याच क्षणी कर्नल (प्रणालीचा गाभा) क्लॅमडी या सतत चालणाऱ्या व्हायरस-तपासणी सेवेला बंद पाडू शकतो. मेमरी वाढवणे शक्य नसेल, तर हे समांतर चढवणे सेटिंगमधून बंद करावे. मग तेवढा वेळ तपासणी थांबते.

सिग्नेचर ताजी आणि इंजिन जुने, ही स्थितीही धोक्याचीच. एप्रिल २०१० मध्ये क्लॅमएव्हीच्या ०.९५ पूर्वीच्या आवृत्त्या सिग्नेचर अपडेटद्वारेच निकामी करण्यात आल्या आणि महिनोन्‌महिने आधी दिलेली सूचना न वाचलेल्यांची मेल थांबली. डेबियनमध्ये इंजिनच्या नव्या आवृत्त्या बहुधा ‘स्टेबल-अपडेट्स’ या भांडारातून येतात. म्हणून ते भांडार यादीत असलेच पाहिजे.

स्पॅमअसॅसिनच्या नियमांसाठी एसए-अपडेट ही आज्ञा रोज चालवण्याची व्यवस्था करावी. ही आज्ञा ० परत देते तेव्हा नवे नियम आलेले असतात. १ म्हणजे नवीन काही नाही, ही चूक नव्हे. ४ किंवा अधिक आल्यास मात्र लॉग पाहावा. नवे नियम आल्यावर लिंट तपासणी (नियमांत लिखाणाच्या चुका नाहीत ना, याची) करून मग अमाविस पुन्हा सुरू करावे. अमाविस स्पॅमअसॅसिन स्वतःच्या आत चढवून ठेवते. त्यामुळे केवळ स्पॅमडी ही स्पॅमअसॅसिनची स्वतंत्र सेवा पुन्हा सुरू केल्यास नियम उतरूनही अमाविस जुन्याच नियमांनी पत्रे गाळत राहते, आणि ही गफलत सहजी ध्यानात येत नाही.

शेवटी दोन चाचणीपत्रे बाहेरच्या संगणकावरून थेट सर्व्हरच्या पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर (मेल स्वीकारण्याच्या दारावर) पाठवावीत. एकात आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल जोडावी, दुसऱ्यात जीट्यूब ही स्पॅमगाळणीच्या चाचणीसाठी ठरवलेली ओळ लिहावी. पहिले व्हायरस म्हणून अडले पाहिजे, आणि दुसऱ्याला एकट्या त्या ओळीचे १००० गुण मिळाल्याचे अमाविसच्या लॉगमध्ये दिसले पाहिजे.