स्पंज ओळखताना मला फसवणाऱ्या परक्या सुया

स्पंज हा खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी रंगावरून ओळखू नका. कोकणातल्या कातळावर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जांभळा दिसलेला तुकडा अल्कोहोलमध्ये दुसऱ्या दिवशी मळकट पांढरा होतो. त्यामुळे फोटो, रंग, स्पर्श, वास, काय असेल ते जागेवरच टिपून ठेवा. एवढं सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. मी फसले ते पुढे, स्लाइडवर.

स्पंजच्या सांगाड्यात सूक्ष्म सुया असतात, त्यांच्या आकारावरून तो ओळखतात. माझ्या तुकड्यात दोन्ही टोकांना निमुळत्या सुया होत्या, ऑक्सिया. म्हणजे हॅलिक्लोना या वंशातला (जीनस) स्पंज असावा. पण त्याच स्लाइडवर टाचणीसारख्या गोल डोक्याच्या टायलोस्टाइल आणि नागमोडी, काटेरी स्पायरास्टरही दिसल्या. हे तिन्ही प्रकार एकत्र असलेला स्पंज मला कुठल्याच ओळख-किल्लीत (लक्षणांवरून नाव शोधायच्या तक्त्यात) सापडेना. नवीन प्रजातीच मिळाली असं धरून मी चार महिने मोजमापं घेत बसले.

झालं होतं इतकंच. खडकावरून तुकडा खरवडताना खालच्या चुनखडी शिंपल्यात भोकं पाडून राहणारा क्लायोना हा दुसराच स्पंज सोबत आला होता. टायलोस्टाइल आणि स्पायरास्टर त्याच्या. सुया मोकळ्या करायला वापरतो ते ब्लीच सगळं मांस विरघळवतं आणि सुयांचा नुसता ढीग उरतो. कुठली सुई कुठे होती हे त्या ढिगातून कळायला मार्ग नसतो. म्हणून ब्लीच करण्याआधी छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप, घ्या. नवीन ब्लेडने, पृष्ठभागाला काटकोनात, कागदाइतका पातळ. हॅलिक्लोनात सुया टोकांशी जोडून शिडीसारखी जाळी करतात. माझ्या छेदात ती जाळी स्वच्छ होती आणि क्लायोनाच्या सुया फक्त तळाशी, शिंपल्याच्या कडेला. दहा मिनिटांचं काम मी चार महिने टाळलं. ड्रॉपरही प्रत्येक नमुन्याला वेगळा घ्या, नाहीतर मागच्या स्पंजच्या सुया पुढच्या स्लाइडवर येतात. हे मला मार्गदर्शकांनी नाही, प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी शिकवलं. माझ्या मते चांगला छेद घेणारा माणूस शोधावा, पदव्या नंतर बघाव्यात.

‘डीएनए करून टाक’ असं सांगणारे भेटतील. स्पंजांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए फार सावकाश बदलतो, त्यामुळे प्रजाती ओळखायला नेहमी वापरतात त्या सीओआय या मायटोकॉन्ड्रियल जनुकावर जवळच्या प्रजाती बऱ्याचदा वेगळ्या निघत नाहीत. शिवाय बऱ्याच स्पंजांच्या अंगात जिवाणू खच्चून भरलेले असतात, त्यांचाच डीएनए वाचला जाऊ शकतो. सूक्ष्मदर्शक चुकवता येत नाही.

आणि परवानगीशिवाय गोळा करू नका, मालवणच्या सागरी अभयारण्यात तर मुळीच नाही.

घाबरून सोडू मात्र नका. सुरुवातीला सगळ्या सुया सारख्याच दिसतात. प्रत्येक प्रकारच्या किमान 25 सुयांची मापं घ्या, चित्र हाताने काढा. चित्र काढताना टोकाचा आकार नीट बघावाच लागतो, आणि पन्नासेक स्लाइडनंतर तो नजरेत बसतो. 2002 सालचा ‘सिस्टेमा पोरिफेरा’ हा स्पंजांच्या वर्गीकरणाचा संदर्भग्रंथ प्रजातीपर्यंत नाही, वंशापर्यंत नेतो. तिथवर पोचलात तरी ते खरं काम आहे. माझ्या त्या जांभळ्या तुकड्याच्या बाटलीवर आजही ‘हॅलिक्लोना, प्रजाती अनिश्चित’ अशीच चिठ्ठी आहे, आणि परीक्षकांनी तिच्यावर एकही शेरा मारला नाही.